पाव नळी शाई

पेडण्याच्या घरी शाई पेनात वरून ओतली जायची. डिचोलीच्या घरी ती खालून ओढून घेतली जायची. माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, सासर डिचोलीचं. म्हापशाला बस बदलायची, अस्नोड्यावरून पुढं जायचं. अंतर तसं फार नाही, पण लग्न होऊन आले तेव्हा दोन घरांच्या रीती किती वेगळ्या ते रोज नव्यानं कळायचं. माशांच्या हुमणात तिरफळं किती घालायची इथपासून देवाला गाऱ्हाणं कुणी घालायचं इथपर्यंत. त्या सगळ्यांत आजही लख्ख आठवते ती शाई भरण्याची रीत. बाबांचं पेन आणि सासऱ्यांचं पेन अशी दोन्ही पेनं आता माझ्याकडे आहेत. ते दोघंही नाहीत.

बाबा प्राथमिक शिक्षक. पोर्तुगीज अमलात, पेडणे महालातल्या एका देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या खासगी मराठी शाळेत ते शिकले. तिथं टाक आणि दौत. शाईची गोळी पाण्यात टाकायची, काडीनं ढवळायची आणि दौत सांडू न देता घरून शाळेत न्यायची. या गोळ्यांची आणि पुडीची त्या काळी केवढी चलती होती! मुंबईत दांडेकरांनी 1931 साली धंदा काढला तो शाईची पूड आणि गोळ्या विकण्यासाठीच. त्याच धंद्याचं पुढं कॅमलिन झालं. त्याही आधीच्या पिढ्या बोरूनं लिहीत. तेव्हा काजळ, बाभळीचा डिंक, हिरडा, हिराकस यांची शाई घरीच व्हायची. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये विरक्त होण्याआधी कुळकर्णी होते, म्हणजे दप्तर लिहिणारेच. आमच्या भागात लिहिणाऱ्याला मान होता आणि लिहिण्याचं सामान जपून ठेवायची सवय होती.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. त्या शाळांना मास्तर हवे होते, बाबा त्यांत लागले. पहिल्या पगारातून त्यांनी मुंबईच्या नातेवाइकाकरवी एक पेन मागवलं. काळ्या एबोनाइटचं, जाडजूड, क्लिपवरचं नाव पुढं झिजून गेलेलं. आत रबराची पिशवी नाही, दट्ट्या नाही, काहीच नाही. निब असलेली मुंडी फिरवून काढायची आणि नळीत ड्रॉपरनं शाई सोडायची. पेनाचं अख्खं पोट हीच त्याची दौत. लेथवर कातून काढता येणारं असं सोपं पेन आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चाललं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या दिवसांत केलेली पेनं एबोनाइटचीच. रबराची पिशवी आपल्या हवेत फार टिकत नाही, चिकट होते, चिरते. ड्रॉपरच्या पेनात बिघडण्यासारखं काही नसतंच.

शाई भरायची वेळ ठरलेली होती. रविवारी दिवेलागण झाली, देवाकडे निरांजन लागलं की बाबा ओसरीवर जुना पेपर पसरायचे. सोमवारी शाळा, म्हणून रविवारी पेन भरायचं. दोन पेनं असायची, निळ्याचं आणि लालचं. बाबा मुंडी काढून बशीत ठेवायचे आणि नळी माझ्या हातात द्यायचे.

"बाय, नळी धर गो. सरळ."

एवढंच बोलायचे. मी दोन्ही हातांनी नळी धरायची, श्वास रोखून. बाबा बाटलीत ड्रॉपर बुडवायचे, रबरी गोंडा सोडायचे आणि ड्रॉपरचं टोक नळीच्या काठाला लावून शाई आतल्या आत भिंतीवरून सोडायचे, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. काठोकाठ कधी भरायचे नाहीत. मुंडी बसवताना तिच्या दांड्यालाही जागा लागते, म्हणून नखाएवढं वर मोकळं ठेवायचे. मग मेणबत्तीवर घासलेला दोरा आट्यांवर गुंडाळायचा, मुंडी फिरवायची, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायचं. निब खाली करून थोडा वेळ थांबायचं. शाई निबेखालच्या जिभेतून उतरून टोकाशी आली की पेपरच्या कोऱ्या कडेला पहिलं अक्षर "श्री".

बाबा फार बोलणारे नव्हते. वर्गात बोलून घसा बसायचा, घरी आल्यावर ते वाचायचे किंवा परसात जायचे. आम्हा भावंडांपैकी कुणाला जवळ घेऊन बसणं वगैरे त्या काळच्या बापांना जमतच नसे. नळी धरण्याचा तो वेळ मात्र माझा होता. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेले असायचे, त्यांच्या सदऱ्याला खडूचा आणि शिकेकाईचा वास यायचा. ड्रॉपरनं शाई भरायला दोन माणसं लागतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. एकट्यानं नळी टेबलाच्या कडेला टेकवूनही ती भरता येते. ते बाबांना ठाऊक असणारच.

त्यांचा एक नियम होता. पाव नळी उरली की भरायची, संपायची वाट बघायची नाही. यामागं नुसती शिस्त नव्हती. अशा पेनात शाई खाली उतरते तशी हवा जिभेतून वर जाते. शाई कमी, हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला पुढं ढकलते. मग कागदावर भला मोठा डाग. गोव्याच्या वैशाखात हे हमखास व्हायचं. मुलांच्या सदऱ्यांचे खिसे निळे व्हायचे ते शाई जास्त भरल्यामुळं नव्हे, कमी उरल्यामुळं. हे बाबा चौथीच्या वर्गाला फळ्यावर पेन काढून समजावून सांगायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता साठीला आलेली माणसं मला बाजारात भेटतात आणि हवा तापली की फुगते हे आम्ही मास्तरांच्या पेनावरून शिकलो, असं सांगतात.

वर्गात टिपकागद कुणाला परवडत नसे. डागावर खडूचा तुकडा ठेवायचा, तो शाई पिऊन निळा व्हायचा. कुणाची शाई वर्गात संपली तर शेजाऱ्यानं आपली मुंडी सैल करून बाकावर चार थेंब सोडायचे आणि त्यानं निबेनं ते उचलून घ्यायचे. उसने थेंब परत करायचे असत, आणि ते केले जात.

गावातल्या बायका बाबांकडे पत्र लिहून घ्यायला यायच्या. पेडण्यातली किती घरं मुंबईच्या मनिऑर्डरवर चालायची. नवरा गिरणीत किंवा बोटीवर, मुलगा कुठं खानावळीत. दुपारची कामं आटपून त्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायच्या. बाबा आधी पेन उघडून उजेडाकडे धरून बघायचे आणि कितीही उरलेली असो, नळी भरून घ्यायचे. स्वतःचं टाचण लिहिताना शाई मध्येच संपली तर चालेल, पण दुसऱ्याच्या पत्रात नाही. बाई एखादी गोष्ट सांगायला तोंड उघडते, तेवढ्यात लिहिणारा उठला तर ती गोष्ट तिच्या पोटातच राहते, असं ते आईला म्हणाले होते. मी तेव्हा नळी धरून बाजूला उभी असायची आणि मला न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी मी तशा ऐकल्या आहेत.

पावसाळ्यात शाईचं वेगळंच सुरू व्हायचं. आषाढात कागद दमट होतो, शाई अक्षरातून फुटून पसरते. निकालपत्रकं आणि जनरल रजिस्टर चुलीवरच्या माळ्यावर उबेला ठेवलेली असायची. रजिस्टरची शाईही वेगळी, निळी-काळी. लोह असलेली शाई हवा लागून काळी पडत जाते आणि पाण्यानं सहज जात नाही. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव लिहायचं ते पुसून जाता कामा नये. त्यासाठी बाबांनी एक टाकच राखून ठेवला होता, कारण ती शाई पेनात वाळली तर पेन तुंबतं.

डिचोलीला आले आणि बघते तर सासरे पेन उलटं धरून बाटलीत बुडवतात! उलटं म्हणजे माझ्या दृष्टीनं उलटं. त्यांचं पेन पार्कर 51. निब जवळजवळ सगळी झाकलेली, टोक तेवढं बाहेर. 1941 साली बाजारात आलेल्या या पेनाला 1948 पासून दाबायची पिशवी बसवू लागले. धातूच्या खोळीत पातळ प्लास्टिकची पिशवी, बाजूला एक पट्टी. पट्टी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. दर वेळी हवा बाहेर, शाई आत. पिशवीत एक बारीक नळी असते, तिच्या टोकापर्यंत शाई चढत जाते, म्हणून एकदा दाबून भागत नाही. कसं भरायचं ते त्या खोळीवरच कोरलेलं आहे. सासऱ्यांना ते वाचायची गरज नव्हती. ते मोजायचे, आणि मोजायचे ते पोर्तुगीजमध्ये. "उं, दोइश, त्रेश, क्वात्रु." सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेतला दुसरा टप्पा, केलेला माणूस. हिशेब, पाढे आणि पेनात शाई भरणं हे सगळं त्यांच्या डोक्यात त्या भाषेत होतं. पोथी मराठीत आणि भांडण कोकणीत.

हे पेन त्यांच्या वडलांनी मुक्तीच्या आधी म्हापशात घेतलं होतं. भारतानं नाकेबंदी केलेली, पण खनिजाच्या निर्यातीचा पैसा होता आणि परदेशी माल गोव्याच्या दुकानांत सहज मिळत होता. घड्याळं, पेनं, दारू, कापड. सीमेपलीकडे सावंतवाडीत ज्या पेनासाठी माणसं जीव टाकायची ते इथं काचेच्या कपाटात असायचं. म्हणून तर दोन तालुक्यांच्या दोन घरांत अशी दोन पेनं आली. बाबांचं मुंबईहून आलेलं देशी, सासऱ्यांचं समुद्रावरून आलेलं.

सासरे खाणीच्या कचेरीत कारकून होते. शिरगाव, मये, लामगाव, सगळीकडे तांबडी धूळ. खनिज भरलेले ट्रक सारमानसच्या धक्क्यापर्यंत जायचे, तिथून बार्जीतून मांडवीनं मुरगाव बंदराकडे. प्रत्येक ट्रकची पावती, तीन-तीन प्रतींत, मध्ये कार्बन. आणि इथंच शाईच्या पेनाची हार झाली. कार्बनवर उठायचं तर पेन दाबून लिहावं लागतं. निबेच्या पेनाला दाब सोसत नाही, निबेची पानं फाकतात. त्यामुळं डिचोलीत बॉलपेन आलं ते फॅशन म्हणून नव्हे, ट्रकच्या पावत्यांबरोबर आलं. शाळेत आमचे मास्तर बॉलपेनला अक्षर बिघडवणारं म्हणून बंदी करत होते, तेव्हा खाणीवर त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. सासरे दिवसभर बॉलपेननं पावत्या फाडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, घरखर्चाची वही पार्करनं लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. मासळीला किती, भाताच्या कापणीला किती, लईराईच्या जत्रेला किती. प्रत्येक पान असं स्वच्छ की बघत राहावं.

त्यांना मी एकदा विचारलं, ड्रॉपर का नाही वापरत? त्यांनी विचार करून सांगितलं की ओतलेली शाई सांडते, ओढलेली सांडत नाही. शिवाय निब बुडते तेव्हा जीभही धुतली जाते. हे खरंच आहे. पण मग बाटलीच्या तळाशी शाई उरते आणि पेनाचं टोक तिथवर पोचत नाही. बाटली पुस्तकाला टेकवून तिरकी करावी लागते. आमच्या माहेरी ड्रॉपर शेवटचा थेंबसुद्धा उचलायचा. मास्तरच्या घरी आणि खाणीवरच्या घरी एवढा फरक असणारच. शाईही मापून बघावी. बाबांच्या नळीत दोन-अडीच मिलिलिटर मावते, पार्करच्या पिशवीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि हल्लीच्या छोट्या काडतुसात एक मिलिलिटरही नाही. आपण कमी-कमी भरत आलो आहोत, कारण आपण कमी-कमी लिहीत आलो आहोत.

बाबा गेले ते आषाढात. दिवसकार्य आटपल्यावर आईनं त्यांची ट्रंक उघडली. आत टाचणवह्या होत्या, वर्षावर्षाच्या, सुतळीनं बांधलेल्या. कोणत्या तासाला काय शिकवलं, कोण गैरहजर, कुणाला गोष्ट सांगून गप्प केलं. त्या वाचताना मला एक गोष्ट दिसली, ती दिसल्यावर मी बराच वेळ वही मिटू शकले नाही. शाईचा रंग सारखा नव्हता. सोमवारची अक्षरं फिकट निळी, मंगळवार-बुधवारची थोडी गडद, शुक्रवार-शनिवारची तर जवळजवळ काळसर. नळीतली शाई आठवडाभरात हळूहळू आटते, घट्ट होते, म्हणून अक्षर गडद होत जातं. मग पुन्हा सोमवार, पुन्हा फिकट. वर्षांमागून वर्षं, पानांमागून पानं तेच. दर फिकट ओळीच्या आदल्या संध्याकाळी मी नळी धरून बसलेली होते. मी लग्न होऊन गेल्यावरही तो फिकट-गडदाचा क्रम चुकला नव्हता. तेव्हा नळी कुणी धरली असेल? आईला विचारलं. ती म्हणाली, टेबलाच्या कडेला टेकवायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या मुलांना घरी शिकवायला सुरुवात केली होती. त्या वेळच्या शेवटच्या वहीत शेवटची नोंद गडद आहे. पाव नळीच्याही खालची. नियम त्या एकदाच मोडला गेला.

सासरे त्यानंतर काही वर्षांनी गेले. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा ते घरातच असायचे, पण रस्त्यावरून ट्रक जायचे थांबले आणि त्यांना झोप लागेनाशी झाली. धुळीला आयुष्यभर शिव्या घालणारा माणूस धूळ बसली म्हणून खंतावला. शेजारीपाजारी ट्रकांचे हप्ते थकले होते. त्या दिवसांत ते वही रोज लिहायचे, खर्च नसला तरी. पेन बुडवून हळू आवाजात मोजायचे. ते गेल्यानंतर आमच्या घरात पोर्तुगीजमध्ये मोजणारं कुणी उरलं नाही. ही हानी कुठल्या नोंदवहीत लिहायची मला समजत नाही, पण हानी आहे.

आता दोन्ही पेनांत शाई कशी भरायची हा प्रश्न माझ्यापुढं आला. मुलगा म्हणतो, इंजेक्शनची सुई काढून सिरिंज वापर, बोटं माखत नाहीत, थेंब सांडत नाही. बरोबर आहे. हल्ली पेनांचे शौकीन तसंच करतात. बाबांच्या पेनाच्या आट्यांना दोऱ्याऐवजी सिलिकॉनचं ग्रीस लाव, असंही तो सांगतो, आणि ते मी लावते. त्यानं गळत नाही हे पाहिलं आहे. तो बेंगळुरूहून नव्या पेनात बसणारे दट्टे आणून देतो, ते फिरवले की शाई वर चढते. चांगली सोय आहे. 1929 साली पेलिकननं दट्ट्याचं पेन काढलं तेव्हापासून ही युक्ती जगभर चालते.

तरी माझा निर्णय झाला आहे. पार्कर मी बुडवूनच भरते, पट्टी दाबून, मनात मोजून. ते पेन त्याचसाठी घडवलेलं आहे. बाबांचं ड्रॉपरनं. सिरिंज नको. सिरिंजनं एकट्याचं काम सुबक होतं, आणि मला त्या पेनात एकट्याचं काम नको आहे. शाई भरण्याच्या सगळ्या रीतींत ड्रॉपर हीच मी श्रेष्ठ मानते. ती स्वस्त आहे, आपल्या हवेत टिकते, बाटलीतलं काही वाया घालवत नाही, आणि एका माणसानं दुसऱ्याचं पेन भरून द्यावं अशी सोय तेवढी तिच्यात आहे. पार्कर ज्याचं त्यानं भरायचं असतं.

पटसंख्या घटली म्हणून गोव्यातल्या कित्येक सरकारी मराठी शाळा बंद झाल्या. बाबांनी ज्यांत शिकवलं त्यांतल्या काहींना कुलूप आहे. त्यांची रजिस्टरं कुठं गेली असतील या विचारानं मला त्रास होतो. आमच्या ट्रंकेतल्या टाचणवह्या मात्र मी ओल लागू न देता ठेवल्या आहेत. कुणा अभ्यासकाला नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतल्या, मुक्तीनंतरच्या शाळा कशा चालल्या हे बघायचं असेल तर त्या खुल्या आहेत. अशा वह्या पेडण्या-डिचोलीच्या आणखी घरांत नक्की असणार. त्या रद्दीत घालू नका. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय आहे, तिथं विचारून बघा.

आणि पेन असेल तर तेही बाहेर काढा. शाई वाळून मुंडी घट्ट बसली असेल तर पक्कड लावू नका. साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी निळं झालं की बदला, पुन्हा ठेवा. गरम पाणी नको, एबोनाइटचा काळा रंग त्यानं जातो. वाळलेली शाई सुटायला वेळ घेते, पण सुटते. मग साधी निळी शाई आणा, पहिल्याच भरण्याला गडद नको. ओसरीवर पेपर पसरा, नळी घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या हातात द्या आणि सरळ धरायला सांगा. सांडलं तर रागावू नका. खडूचा तुकडा जवळ ठेवा.